इलेक्ट्रिक रंध्याच्या पात्यांना घरी धार लावताना या चुका टाळा

82 मिमीच्या हातरंध्याची पाती घरी छान धारेला लागतात. बिघडतं ते बहुतेक वेळा घासताना नव्हे, तर पाती साच्यात, म्हणजे घासताना त्यांना ठरलेल्या कोनात धरणाऱ्या लाकडी ठोकळ्यात, बसवताना.

आधी पातं ओळखा. साधारण 29 मिमी रुंद आणि 3 मिमी जाड पातं बहुधा हायस्पीड स्टीलचं असतं, ते पुन्हा पुन्हा घासता येतं. जेमतेम साडेपाच मिमी रुंद, दोन्ही कडांना धार असलेली पट्टी कार्बाइडची. ती उलटवायची आणि दुसरी धार संपली की बदलायची. घासून अरुंद केलेली पट्टी रंध्याच्या खाचेत नीट धरली जात नाही, आणि ती सुटली तर हात जाऊ शकतो.

कोन न मोजताच साचा कापणे

ढाळाची, म्हणजे पात्याच्या तिरक्या बाजूची रुंदी मोजा. 3 मिमी जाड पात्यावर ती 4.7 मिमी भरली तर कोन 40 अंश, 5.2 असेल तर 35 आणि 4.2 असेल तर 45.

40 अंशांचा साचा असा: 25 मिमी जाड, 90 मिमी रुंद सागवानी फळी. दोन्ही लांब कडा छपरासारख्या उतरत्या कापायच्या, तळाशी 40 अंश. इथे हमखास घोटाळा होतो. फळी आडवी ठेवली तर करवत 50 अंश झुकवावी लागते आणि बहुतेक टेबल करवती 45 वरच थांबतात. म्हणून लोक 45 वर कापून मोकळे होतात. त्यापेक्षा फळीचा तळ गाइडला, म्हणजे करवतीच्या बाजूच्या आधारपट्टीला, टेकवून ती उभी धरा आणि करवत 40 वर झुकवा. आखूड तुकडा असा कापू नका, तो उसळतो. दीड-दोन फुटांची फळी कापून मग 120 मिमीचा तुकडा काढा.

प्रत्येक उतारावर एक पातं, सपाट बाजू वर, धार बाहेर. त्यावर 20×5 मिमीची लोखंडी पट्टी. पट्टीच्या दोन टोकांना, पात्याच्या बाहेर, 6 मिमीचे बोल्ट आणि वर विंग नट. बोल्टची डोकी तळात पूर्ण बुडवा.

पाती हवेतच कसणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. अंदाजाने पाती पुढे काढून नट आवळले की एक पातं अर्धा मिमी जास्त बाहेर राहतं, साचा कलतो आणि दोन्ही ढाळ वेगवेगळ्या कोनांत घासले जातात.

काचेवर 3 मिमीच्या दोन पट्ट्या ठेवा, त्यांवर साचा ठेवा. नट सैल करून दोन्ही पाती खाली सरकू द्या. ढाळ काचेला पूर्ण टेकला की बोटाने दाबून धरा आणि नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. मग पट्ट्या काढा. साचा डुगडुगला तर पुन्हा सैल करा, घासून तो सरळ होईल या आशेवर राहू नका.

आता ढाळावर मार्कर फिरवा आणि 400 नंबरच्या वॉटर पेपरवर (घासकागदावर) दोनदाच ओढा. शाई सगळीकडून गेली तर बसवणी बरोबर. फक्त धारेजवळून गेली तर साच्याचा कोन जास्त आहे, फक्त मागच्या कडेने गेली तर कमी. दुसऱ्या प्रकारात बराच वेळ घासल्याशिवाय धारेला पेपर लागतच नाही.

पेपर नुसता अंथरणे

या साच्यात एक पातं धार मागे ठेवून ओढलं जातं, दुसरं धार पुढे करून. पुढे जाणाऱ्या धारेसमोर सैल पेपर फुगतो आणि धार गोल होते, नाहीतर पेपरच कापला जातो. 8-10 मिमी जाड काच किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा घ्या, वॉटर पेपर पूर्ण चिकटवा. प्लायवूड नको, ते दबतं.

धारेत खाचा असतील तर 150 पासून सुरुवात, नाहीतर 220; पुढे 400, 800, 1200. मागच्या सपाट बाजूला बोट धारेच्या दिशेने हलकेच सरकवलं की वळलेली बारीक कड लागते. ती पूर्ण 82 मिमीवर लागेपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. शेवटी पातं साच्यातून काढून सपाट बाजू 1200 वर पूर्ण टेकवा, पाच-सहा वेळा घासा. पातं किंचितही उचललं तर दुसराच ढाळ तयार होतो.

मोठ्या खाचेसाठी ग्राइंडर वापरलाच तर तापलेलं पातं पाण्यात बुडवू नका. हायस्पीड स्टील उष्णता बरीच सोसतं, पण एकदम गार केलं तर त्यात बारीक चिरा पडतात. खाचा येतात मुख्यतः जुन्या चौकटींतल्या खिळ्यांमुळे, तेव्हा रंधा मारण्याआधी लाकडावर लोहचुंबक फिरवा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे खिळा नसला तरी धार लवकर बोथट होते.

परत बसवताना

प्लग काढा. खाचेतला राळ-भुसा पुसा, नाहीतर पातं तिरकं बसतं. धार मागच्या बैठकीच्या, म्हणजे रंध्याच्या पात्यांमागच्या स्थिर तळाच्या, पातळीत हवी. बैठकीवर स्टीलची पट्टी धरून ड्रम (पाती धरणारा फिरता भाग) हाताने फिरवा, धार दोन्ही टोकांना पट्टीला जेमतेम स्पर्शली पाहिजे. धार वर राहिली तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, खाली राहिली तर रंधा हळूहळू कापणं सोडतो.

रंधलेल्या लाकडावर लाटा दुप्पट अंतरावर दिसत असतील तर एकच पातं कापतंय, दुसरं खाली बसलंय. उंची बरोबर असूनही मशीन थरथरत असेल तर दोन्ही पाती वजनकाट्यावर ठेवा. एकाच पात्याला एकट्याने धार लावली असेल तर फरक तिथे सापडतो.