धर्मग्रामाची सेवा करताय? या चुका टाळा

कॅथलिक चर्चमधली रविवारची मिस्सा (मुख्य उपासना) संपली की बाकांवर पडलेली गीतपुस्तकं कोण गोळा करतं? माइकचे सेल कोण बदलतं? घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजाऱ्यांची यादी शेवटची कधी तपासली गेली? धर्मग्रामासाठी, म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक समुदायासाठी, मनापासून काही करू पाहणाऱ्या तरुणांच्या पहिल्या बैठकीत हे प्रश्न निघायला हवेत. प्रत्यक्षात बैठक सुरू होते टी-शर्टच्या रंगापासून आणि वार्षिक कार्यक्रमाच्या तारखेपासून. दोन महिने धावपळ, एक दिवस कार्यक्रम, मग तीन महिने शुकशुकाट. गरज न विचारता काम ठरवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

फादरांना जरूर भेटा, पण “आम्ही काय करू?” असं मोघम विचारू नका. “दर आठवड्याला राहून जातं किंवा एकाच माणसाच्या अंगावर पडतं असं कोणतं काम आहे?” असं विचारा. हाच प्रश्न सॅक्रिस्टनला (चर्चमधल्या पूजासाहित्याची व्यवस्था पाहणाऱ्याला) आणि आजाऱ्यांकडे जाणाऱ्या एखाद्या जुन्या सेवकालाही विचारा. तिघांच्या उत्तरांत जे काम दोनदा येईल ते घ्या आणि तेवढंच तीन महिने न चुकता करा.

१८३३ मध्ये पॅरिसला फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी जे मंडळ सुरू केलं, त्यातून पुढे गरिबांची सेवा करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी जगभर पसरली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. गरिबांच्या घरी जायचं तर कुणाकडे आणि कसं, हे ठरवताना ही मुलं त्या वस्तीत आधीपासून राबणाऱ्या सिस्टर रोझाली राँद्यू यांच्याकडून शिकली. जुन्या सेवकांना बाजूला सारून नवं काही उभं करू पाहणाऱ्या गटांनी हे ध्यानात ठेवावं.

“परिषदेने मंजूर केलं” म्हणून कामाला लागणं

धर्मग्रामीय पास्टरल परिषदेचं (धर्मगुरूंना सल्ला देणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या मंडळाचं) मत चर्चच्या कायद्यानुसार सल्ल्यापुरतं असतं (कलम ५३६), निर्णय धर्मगुरूंचा. अर्थ समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे (कलम ५३७). म्हणून प्रस्ताव तोंडी नको, एका पानावर लिहून द्या: काम काय, कोणत्या वारी किती वाजता, कोण करणार, खर्च किती, जबाबदार प्रौढ व्यक्ती कोण, आणि तीन महिन्यांनी आढावा कधी. फादरांची बदली झाली तरी हे पान फाइलमध्ये राहतं.

वाचन: पाच मिनिटं आधी पान हातात घेणं

तरुणांना सहसा पहिली सेवा मिळते ती वाचकाची आणि सर्वांत कमी तयारीही तिचीच होते. तयारी बुधवारी सुरू करा. आधी मनात वाचा आणि कोण, कुणाला, का बोलतंय हे समजून घ्या. मग किमान पाच वेळा मोठ्याने वाचा. घरच्या प्रतीवर पेन्सिलीने छोट्या थांब्याला एक तिरपी रेघ आणि मोठ्या थांब्याला दोन रेघा मारा. पौलाच्या पत्रांत एकच वाक्य चार-पाच ओळी चालतं. रेघा नसतील तर श्वास नेमका चुकीच्या शब्दावर संपतो आणि अर्थ तुटतो. पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) वाचनात पार्थी, मेदी, एलामी अशी नावांची रांगच येते. तिथे अडखळायचं नसेल तर ती नावं वेगळी लिहून दहादा म्हणा. उच्चाराची शंका आदल्या दिवशीच विचारून घ्या.

मिस्सेच्या पंधरा मिनिटं आधी वाचनपीठावर जाऊन पान तपासा. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, त्यामुळे रविवार बरोबर आणि वर्ष चुकीचं असं वरचेवर होतं. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या सनाला तीनने भाग जातो ते वर्ष क. २०२५ क होतं, २०२६ अ. उपासनेचं वर्ष मात्र जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी बदलतं. डिसेंबरात चूक होते ती यामुळेच.

“पहिलं वाचन” हे शब्द आणि मथळ्याखालची लाल किंवा तिरप्या अक्षरांतली सारांशाची ओळ मोठ्याने वाचायची नसते. शेवटच्या वाक्यानंतर मनात तीनपर्यंत मोजा, मगच समारोपाचं वाक्य म्हणा. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि हनुवटीच्या पातळीला असू द्या. फार जवळ घेतला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. मोबाइलवरून वाचू नका. देवाचं वचन त्यासाठी ठेवलेल्या ग्रंथातूनच वाचायचं असतं.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहायला मिळाल्या तर क्रम असा ठेवा: चर्चसाठी, राज्यकर्ते आणि जगासाठी, दुःखितांसाठी, शेवटी आपल्या धर्मग्रामासाठी. प्रत्येक प्रार्थना एका वाक्याची. प्रार्थनेच्या आडून कुणाला उपदेश करू नये.

कॉयर गातं, लोक गप्प

दुसऱ्या कडव्याला बाकांतला आवाज गळून पडला तर बहुतेक वेळा पट्टी उंच झालेली असते. एक पूर्ण स्वर खाली घेऊन पाहा. तरीही लोक गात नसतील तर गाणं नवं आहे. महिन्याला एकच नवं गीत घ्या, मिस्सेआधी पाच मिनिटं ध्रुवपद शिकवा आणि तेच गीत सलग चार रविवार गा. दर आठवड्याला नवं गाणं बसवणाऱ्या कॉयरचं कौतुक होतं, पण लोक श्रोते बनतात, आणि ते नुकसान मोठं आहे.

पहिल्या वाचनानंतर स्तोत्राऐवजी आवडतं भक्तिगीत गाणं ही ठिकठिकाणी रुजलेली चूक आहे. प्रतिसाद स्तोत्र हे देवाचं वचनच आहे, त्याची जागा दुसरं गीत घेऊ शकत नाही. चाल बसली नसेल तर लोकांनी फक्त ध्रुवपद गावं, ओळी वाचाव्यात. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या काळात) आलेलुया गात नाहीत. आगमन आणि उपवासकाळाच्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीतही नसतं. याद्या छापण्याआधी हे पाहून घ्या.

वेदीसेवक आणि विझलेली धूपदाणी

प्रवेशाच्या मिरवणुकीत धूर नसणं किंवा अर्पणविधीपर्यंत कोळसा विझून जाणं, दोन्हींचं कारण वेळ. कोळसा दहा मिनिटं आधी चिमट्यात धरून पेटवा आणि तो सगळीकडून राखाडी झाल्यावरच वापरा. मध्यभाग काळा असताना धूप टाकला तर तो जळत नाही, उलट कोळशाला गुदमरवतो. दुसरा तुकडा प्रवचन चालू असताना पेटवायला घ्या. धूपदाणीच्या तळाशी थोडी वाळू घातली की भांडं कमी तापतं. अंगरख्याची सैल बाही आधी मागे सारून घ्या.

आजाऱ्यांची भेट

इथे हेतू चांगला असूनही माणूस दुखावला जाऊ शकतो. सहा-सात जणांचा घोळका अचानक दारात येतो, गाणं म्हणतो, फोटो काढतो आणि निघून जातो. अंथरुणावरच्या माणसाला केससुद्धा नीट करायला मिळालेले नसतात.

आदल्या दिवशी फोन करा आणि जेवणाच्या, औषधाच्या वेळा विचारा. दोघांनीच जा. पलंगाशी उभे राहू नका, खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीला बसा. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. डोळे मिटू लागले की उठा. प्रार्थना कोणती करायची ते त्यांनाच विचारा. आजाराचा तपशील तुम्हीच खोदून काढू नका आणि त्यांनी सांगितलेलं गटात सांगू नका. फोटो नकोच. “पुन्हा येऊ” असं म्हणायचं असेल तर तारीख सांगूनच म्हणा.

धर्मगुरूंनी रीतसर नेमल्याशिवाय कुणीही कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घरी नेऊ नये. पण तुम्ही निरोप नेऊ शकता, आणि तो मोलाचा असतो. सकाळी औषधाबरोबर चहा घेतला म्हणून कितीतरी वृद्ध कम्युनियन टाळतात. एक तास उपवासाचा नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना लागू नाही (कलम ९१९), हे त्यांना सांगा. प्रकृती गंभीर वाटली तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी फादरांना कळवा. रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, आणि तो अखेरच्या घटकेपर्यंत लांबवायचा नसतो.

मुलं आणि पैसे

धर्मशिक्षणाच्या वर्गात किंवा शिबिरात एका मोठ्याने एका मुलाबरोबर बंद खोलीत कधीही बसू नये. कायम दोन प्रौढ हवेत, दार उघडं हवं. मुलांना खासगी मेसेज नाहीत. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच. फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. धर्मप्रांताची (बिशपच्या अखत्यारीतल्या भागाची) बालसुरक्षा नियमावली वाचून, प्रशिक्षण घेऊनच काम सुरू करा. “आपण सगळे ओळखीचेच” हे कारण चालत नाही.

पैसे नात्यात नसलेल्या दोघांनी, त्याच दिवशी, एका टेबलावर मोजावेत; चिठ्ठीवर रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ज्या कारणासाठी पैसे गोळा केले त्याच कारणासाठी ते वापरावे लागतात, हा चर्चचा कायदा आहे (कलम १२६७). पूरग्रस्तांच्या डब्यातून स्पीकर घेता येत नाही. ऑनलाइन देणग्या कुणाच्या खासगी खात्यात नकोत, धर्मग्रामाच्या खात्यातच जमा व्हाव्यात.

परीक्षा आली की सगळं बंद

हे टाळता येतं. परीक्षांच्या तारखा आधीच ठाऊक असतात, म्हणून सेवेची पाळी तीन महिन्यांची लावा आणि त्या आठवड्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांची नावं घाला. प्रत्येक कामाला दोघं तयार हवेत. ज्याला जमणार नाही त्याने बदली स्वतः शोधावी आणि शुक्रवारपर्यंत कळवावं. किल्ली कुठे असते, मिक्सरची कोणती पट्टी कोणत्या माइकची, धूप कोणत्या कपाटात, कोणत्या घरी कोणत्या वारी जायचं हे सगळं एका वहीत लिहा. ती वही कुणाच्या घरी नको, सॅक्रिस्टीतच (पूजासाहित्याच्या खोलीत) राहू द्या.