वर्ल्ड एक्स्पोला जाताय? मग या चुका टाळा

वर्ल्ड एक्स्पो, म्हणजे देशोदेशींची दालनं असलेलं जागतिक प्रदर्शन, पाहून आलेला माणूस एका दमात दोन गोष्टी सांगतो: डोळ्यांचं पारणं फिटलं आणि पायांचे तुकडे पडले. दोन्ही खरंच असतं. तिकिटाचे पैसे एकदाच जातात, खरी किंमत रांगेत मोजावी लागते. बहुतेक चुका हा हिशेब न मांडल्यामुळेच होतात.

गाजलेल्या दालनांची यादी घेऊन जाणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०१० च्या शांघाय एक्स्पोत सौदी अरेबियाच्या दालनातला अवाढव्य पडदा पाहायला लोक कधी कधी आठ-नऊ तास उभे राहिले. अशी तीन नावं यादीत असली की दिवस संपलाच. माझा नियम साधा आहे: आत खरी वस्तू असेल तर रांग लावावी, नुसती फिल्म असेल तर पुढे जावं. ओसाकाच्या २०२५ च्या एक्स्पोत इटलीने दोन हजार वर्षांच्या घरातला 'फार्नेसे अ‍ॅटलस' हा संगमरवरी पुतळा आणला होता, शिवाय व्हॅटिकनकडचं, काराव्हाज्जो या जुन्या इटालियन चित्रकाराचं मूळ चित्रही. त्यासाठी ताटकळणं परवडलं. पण कित्येक देशांच्या दालनांत अंधारी खोली, मोठा पडदा, समुद्रकिनाऱ्यांची आणि हसऱ्या मुलांची दृश्यं, मग दुकान आणि बाहेर, एवढंच असतं. पर्यटन खात्याची जाहिरात पाहायला दोन तास उभं राहायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. (चंद्रावरच्या दगडाचं मात्र नवल वाटतं. १९७० साली ओसाकातच अमेरिकेच्या दालनाबाहेर त्याच्यासाठी प्रचंड रांगा लागल्या होत्या. पंचावन्न वर्षांनी त्याच शहरात अमेरिकेने पुन्हा तसाच दगड मांडला आणि पुन्हा रांग लागली.)

लहान देशांना वगळणं

स्वतःची इमारत बांधणं न परवडणारे देश एका मोठ्या सामायिक दालनात असतात. तिथे रांग नसते किंवा असली तरी पटकन सरकते. मांडणी साधी असते, कधी कधी अगदीच तुटपुंजी. पण टेबलामागे बऱ्याचदा त्या देशातलीच माणसं असतात आणि त्यांना बोलायला वेळ असतो. एका पॅसिफिक बेटावरच्या माणसाशी वाढत्या समुद्राबद्दल दहा मिनिटं बोलण्याची संधी एरवी कुठे मिळणार? एक्स्पोचं खरं घबाड इथेच आहे, असं माझं मत आहे.

पहिले किंवा शेवटचे आठवडे निवडणं

सुरुवातीला बांधकाम अपुरं असू शकतं. ओसाका एक्स्पो एप्रिलमध्ये सुरू झाला, पण नेपाळचं दालन उघडायला जुलै उजाडला. शेवटी तर 'आता नाही तर कधीच नाही' म्हणत सगळे धावतात. शांघायला १६ ऑक्टोबर २०१० या एकाच दिवशी दहा लाखांहून जास्त लोक आले, समारोप अवघ्या पंधरा दिवसांवर असताना. ओसाकात शेवटी शेवटी तिकीट हातात असूनही प्रवेशाची तारीख मिळेना. मधले आठवडे आणि कामाचे वार निवडा, पण त्या शहरातलं हवामानही बघून घ्या.

नोंदणीचे नियम आयत्या वेळी वाचणं

हे प्रत्येक एक्स्पोत वेगळं असतं. शांघायला चीनच्या दालनाचे पास सकाळी प्रवेशद्वारापाशी वाटले जात. ओसाकात दालनांच्या नोंदणीसाठी दोन महिने आधी एक सोडत, सात दिवस आधी दुसरी, तीन दिवस आधी उरलेल्या जागा आणि आत शिरल्यावर त्याच दिवसाची नोंदणी, अशा पायऱ्या होत्या. सोडतीत नंबर लागला नाही म्हणून खट्टू होऊ नका, पुढच्या पायरीवर लक्ष ठेवा. लोक बेत बदलतात आणि जागा सुटत राहतात. तिथे आत रोख पैसेही चालत नव्हते, म्हणजे तिकीट, नोंदणी आणि पैसे सगळं फोनवर. पॉवर बँक न्याच, शिवाय तिकिटाचा क्यूआर कोड कागदावर छापून ठेवा.

शिक्क्यांच्या मागे धावणं

एक्स्पोचा 'पासपोर्ट', म्हणजे दालनादालनात शिक्के मारून घ्यायची छोटी वही, १९६७ च्या माँट्रियलपासून चालत आला आहे. मुलांना त्याची मजा वाटते. पण शांघायला दालनात शिरून, शिक्का मारून, काहीच न बघता बाहेर पडणारे कमी नव्हते.

परतीचा विचार न करणं

ओसाकाचा एक्स्पो कृत्रिम बेटावर होता. १३ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मेट्रो बंद पडली आणि हजारो लोकांना रात्र तिथेच काढावी लागली. रोषणाई संपल्या संपल्या सगळे एकाच दाराकडे वळतात. जरा आधी निघा किंवा निवांत मागे थांबा, आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता सकाळीच बघून ठेवा.

पुढचा बेत आखत असाल तर दोन प्रकारांतला फरक ध्यानात घ्या. २०२७ चा सर्बियातल्या बेलग्रेडचा एक्स्पो 'विशेष' प्रकारचा आहे. त्याला जास्तीत जास्त तीन महिने आणि प्रदर्शनासाठी २५ हेक्टर जागा एवढीच मुभा असते, म्हणून दोन दिवस पुरावेत. ऑक्टोबर २०३० मध्ये सुरू होणारा रियाधचा एक्स्पो सहा महिन्यांचा, मोठ्या प्रकारचा आहे. तिथे एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट धरू नका. दोन दिवस सलगही घेऊ नका, मध्ये एक दिवस पायांना सुट्टी द्या.