पाणी कोणत्या पायरीला लागले? : सामुदायिक रेडिओत येऊ पाहणाऱ्यांसाठी

पत्रकारितेचा किंवा समाजकार्याचा अभ्यासक्रम नुकताच संपवलेले विद्यार्थी सामुदायिक रेडिओविषयी, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांसाठी तिथल्याच संस्थेने चालवलेल्या लहान एफएम केंद्राविषयी, विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा आवाजाचा असतो: माझा आवाज रेडिओला चालेल का? कृष्णाकाठच्या एका लहान केंद्रावर मी काही वर्षे काम केले आहे. तिथे सर्वांत जास्त ऐकला जाणारा आवाज ज्या मावशींचा होता, तो किंचित घोगरा होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरं का’ म्हणण्याची त्यांची सवय आम्हाला अखेरपर्यंत मोडता आली नाही. पुढे आम्ही तो नाद सोडला, कारण श्रोते फोनवर त्यांना ‘बरं का मावशी’ याच नावाने विचारू लागले होते. आवाजाची काळजी करू नये. काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत.

या क्षेत्राचा पाया थोडक्यात माहीत असावा. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. चेन्नईचे अण्णा एफएम २००४ साली सुरू झाले. २००८ साली तेलंगणातील (तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील) मेदक जिल्ह्यात दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला संघम रेडिओ आणि आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ही केंद्रे ऐकू येऊ लागली. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती शंभर वॅटच्या मर्यादेत आणि मनोरा तीस मीटरच्या आत असतो, त्यामुळे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो. नव्या माणसाला हे तोकडे वाटते. मात्र या वर्तुळातल्या प्रत्येकाला गावचा घाट, पिराची चिंच आणि ओढ्यावरचा फरशी पूल ठाऊक असतो, आणि आपत्तीच्या वेळी सगळे काम याच माहितीवर चालते.

कृष्णेच्या पुराचा अंदाज सरकारी भाषेत दोन प्रकारे येतो. पहिला आकडा फुटांचा असतो: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. दुसरा क्युसेकचा, म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले जात आहे त्याचा. दोन्ही आकडे अचूक असतात, पण नदीकाठच्या मळीत जनावरे बांधलेल्या माणसाला त्यातून आज रात्री दावी सोडायची की नाही, हे कळत नाही. नदी वाचण्याची नदीकाठची रीत वेगळी असते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत पाणी उत्तरेकडून देवळात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडले की लोक दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान करायला जातात, आणि त्याच वेळी आसपासच्या गावांतली जुनी माणसे पंचगंगेला फुगवटा कुठवर आला असेल, याचा हिशेब मनात मांडतात.

आमच्या केंद्राने हे दोन हिशेब एकमेकांना जोडण्याचा प्रयत्न केला. एका उन्हाळ्यात आम्ही गावोगावच्या घाटांवर पोलीस पाटील, नावाडी आणि नदीकाठी घर असलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन गेलो आणि एका साध्या दोनशे पानी वहीत नोंदी केल्या: पुलापाशी इतके फूट पाणी होते, तेव्हा मारुतीच्या कोणत्या पायरीला लागले होते, स्मशानशेड कधी बुडाली, शाळेकडचा रस्ता कधी बंद झाला. लोकांना फूट आठवत नव्हते. पण २००५ च्या पुरात पाणी कुणाच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि कुणाच्या गोठ्यातून परत फिरले, हे अगदी विटेविटेने आठवत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले आणि ती वहीही अपुरी पडली, कारण वरच्या रेषा कुणीच पाहिलेल्या नव्हत्या. तरी सुरुवातीचे दोन दिवस आम्ही केवळ आकडा न सांगता ‘आज रात्री पाणी दुसऱ्या आळीच्या तोंडाशी येईल, असा अंदाज आहे’ असे सांगू शकलो, आणि त्या दोन दिवसांत बरीच जनावरे वर हलली.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण नव्या माणसाला तिचा उपयोग अधिक आहे. पुराच्या तिसऱ्या दिवशी तहसील कार्यालयाकडून निरोप आला की, एका गावातील लोकांना न्यायला संध्याकाळी पाच वाजता फरशी पुलाजवळ होडी येईल. मी तो निरोप तत्काळ ध्वनिमुद्रित केला. माझे शब्द होते, ‘आज संध्याकाळी पाच वाजता’. वाक्य स्वच्छ होते, आवाजही बरा लागला होता. ती फीत आम्ही दुपारभर लावली आणि होडी येऊन गेलीही. रात्री जनरेटर बंद ठेवून डिझेल वाचवले. सकाळी पाळीवर आलेल्या मुलाने संगणकातली तीच यादी पुन्हा सुरू केली आणि माझा आवाज पुन्हा ‘आज संध्याकाळी पाच वाजता’ असे सांगू लागला. त्या दिवशी होडी दुसऱ्या गावाला जाणार होती. दोन कुटुंबे लहान मुलांसह पावसात त्या पुलाजवळ उभी राहिली. अंधार पडल्यावर त्यांना शेजारच्या वस्तीतल्या तरुणांनी ट्रॅक्टरमधून आणले, म्हणून पुढचे काही घडले नाही. प्रसारित केलेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे, असा नियमच आहे. पाणी ओसरल्यावर मी ती फीत बसून ऐकली. दोष त्या मुलाचा नव्हता. ‘आज’ हा शब्द रेडिओवर थेट बोलताना खरा असतो. ध्वनिमुद्रित झाला की त्याचा भरवसा उरत नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक सूचनेत चार गोष्टी आणतो: वार आणि तारीख, ती आमच्यापर्यंत पोहोचल्याची वेळ, ती कोणत्या पदावरच्या माणसाने दिली, आणि ती कधीपर्यंत लागू आहे. फाइलच्या नावात शेवटची वेळ घालतो आणि ती वेळ उलटली की फाइल पाळीवरच्या माणसाने स्वतः पुसायची असते. निवेदन यामुळे लांबते आणि थोडे सरकारीही वाटते. त्यातून सुंदर वाक्य होत नाही, हे मान्य.

‘पदावरच्या माणसाने’ हा भाग कायद्याशीही जोडलेला आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करता येतात. मात्र वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, साथीचे रोग यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना सांगायला मुभा आहे. त्यामुळे ‘धरण फुटले’ असा फोन आला, तर तो प्रसारित करायचा नसतोच. पण गप्पही बसायचे नसते. आम्ही नियंत्रण कक्षाला फोन लावून धरणातून किती विसर्ग सुरू आहे, ते विचारायचो आणि मिळालेले उत्तर वेळेसह सांगायचो. अफवेचा उच्चारही टाळायचो, कारण अर्धवट ऐकणाऱ्याच्या कानात नेमका तोच शब्द राहतो.

हे सगळे लोक ऐकतात ते आधीच्या कोरड्या महिन्यांमुळे. कांद्याचा भाव, लसीकरणाची तारीख, बचत गटाच्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या, दहावीच्या मुलांचे शंकानिरसन, हे रोज कानावर पडलेले असते म्हणून पुराच्या रात्री तो आवाज परका वाटत नाही. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत, अशी धोरणातच अट आहे. ती जाचक वाटणाऱ्यांनी या कामात न पडणे बरे. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात तर आपत्ती एका रात्रीत येतच नाही. ती महिनोन्‌महिने चालते, आणि तिथे टँकरची पाळी, चारा छावणी, विहिरीची पातळी हेच रोजचे कार्यक्रम होतात.

पूर ओसरल्यानंतरचे काम जास्त लांबते आणि त्याला कुणी छायाचित्रकार येत नाही. पंचनाम्याला कोणती कागदपत्रे लागतात, चिखलात काम करताना लेप्टोस्पायरोसिसपासून कसे जपावे, विहिरीत ब्लिचिंग पावडर किती टाकावी, घरात शिरलेल्या सापाचे काय करावे, या प्रश्नांवर आम्ही दोन महिने बोलत होतो. ‘बरं का मावशीं’ची सर्वांत चांगली मुलाखत याच काळातली आहे: आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेला, त्यांनी विचारले, ‘गोळी उपाशीपोटी घ्यायची का जेवून, तेवढं सांगा.’ माझ्या प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

यंत्रसामग्रीविषयी फार लिहीत नाही. हातातला रेकॉर्डर आणि ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर महिनाभरात हाताखाली येते. जनरेटर मात्र पूररेषेच्या वर ठेवलेला आहे ना, आणि गावातल्या किती घरांत सेलवर चालणारा रेडिओ अजून आहे, हे रुजू होतानाच पाहावे. बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये एफएम मिळत नाही, आणि ज्यांत असते त्यांना अँटेना म्हणून हेडफोनची वायर जोडावी लागते. ती वायर घरातल्या मुलाने नेमकी कुठेतरी हरवलेली असते.

पगार कमी असतो. तासाला बारा मिनिटे जाहिरात आणि सरकारी जाहिरातीला दहा सेकंदांना चौऱ्याहत्तर रुपये, अशी २०२४ ची सुधारित मर्यादा आहे; गावातल्या दुकानदाराकडून ती बारा मिनिटे कधीच भरत नाहीत. पुण्यामुंबईच्या खासगी एफएमशी तुलना करून येणारे सहा महिन्यांत परत जातात, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. राहणाऱ्यांना सहसा पहिल्या आठवड्यात माइक मिळत नाही. आमच्याकडे त्यांना ती दोनशे पानी वही आणि एक खडू देऊन घाटावर पाठवतात. २०१९ ची रेषा कुठवर गेली होती ते नावाड्याला विचारायचे, पायऱ्या मोजायच्या, आणि खडूने खूण केलेल्या पायरीचा क्रमांक वहीत लिहून आणायचा.