डाळिंब रंगावर घेऊ नका

फळ मार्केटात डोक्यावर क्रेट वाहण्यात माझी 31 वर्षं गेली. सुरुवातीची काही क्रॉफर्ड मार्केटात, मग मार्केट तुर्भ्याला हललं तसे आम्हीही हललो आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहायला आलो. गाव जावळी तालुक्यातलं. आता मान आणि मणका दोघांनी मिळून मला घरी बसवलंय. पण इमारतीत कुणी आजारी पडलं की आमचं दार वाजतंच. "काका, तुमची मार्केटला ओळख आहे, तेवढी चांगली डाळिंबं आणून द्या ना." आणून देतो. सोबत चार गोष्टी सांगतो, त्या मात्र जिना उतरेपर्यंत विसरल्या जातात. म्हणून लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट घेण्याची. गिऱ्हाईक लालभडक फळ उचलतं, कारण सध्या बाजारात सगळा 'भगवा' वाण आहे आणि तो आतबाहेर लाल असतो. त्याच्या आधी 'गणेश'चं राज्य होतं. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला तो वाण, साल पिवळसर गुलाबी, दाणा फिका, पण बी इतकी मऊ की दाताला कळायची नाही. तसलं फळ आज हातगाडीवर दिसलं तर लोक कच्चं म्हणून पुढे जातील. रंग वाणाचा असतो, गोडीचा नव्हे.

मी वजन बघतो. सवयच ती. क्रेट डोक्यावर चढला की मानेला कळायचं, आत माल भरलेला आहे की पोकळ. फळाचंही तसंच. सारख्या आकाराची दोन डाळिंबं दोन तळहातांवर घ्या, जे जड लागेल ते तुमचं. हलकं फळ म्हणजे दाणे सुकलेले, नाहीतर आतून काळं पडलेलं. हा काळेपणा फार फसवा असतो; वरून साल चकचकीत आणि फोडलं की आत राख. वजन सोडलं तर त्याला दुसरी सोपी खूण नाही.

मग आकार. कोवळं फळ चेंडूसारखं गोल असतं. दाणे भरले की ते आतून सालीला रेटतात आणि फळाला कडा येतात, बाजू चपट्या होतात. अशा कडा असलेलं घ्या. सालीवर खरखरीत तपकिरी चट्टे असतील तर घाबरू नका, फांदीला घासून ते होतात, दाण्याशी त्यांचा संबंध नाही. तेलकट दिसणारे काळे डाग आणि त्यावर चिरा असतील तर मात्र ठेवून द्या. तो तेल्या रोग. सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव, जिथनं जिथनं माल यायचा तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी हेच नाव असायचं. गाडीबरोबर आलेला माणूस विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन गाळ्याच्या पायरीवर गप्प बसला की आम्ही विचारायचो नाही, चहा सांगायचो.

आणखी एक. डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखं पेंढ्यात किंवा तांदळाच्या डब्यात घालून गोड होईल या आशेवर राहू नका. तोडताना जितकं गोड तितकंच. घरात आठवडा-दीड आठवडा टिकतं, फ्रीजमध्ये अख्खं ठेवलं तर महिना सहज जातो. साल सुकून कडक झाली म्हणून टाकून देऊ नका, आत दाणा बहुतेक वेळा ठीक असतो. सोललेले दाणे मात्र झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस, त्याच्या पुढे आंबूस वास येतो.

आता जिच्यामुळे मला हे सगळं नीट कळलं ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वी सूनबाई गरोदर होती. तपासणीत हिमोग्लोबिन 8.4 निघालं. घरात एकच गलका, डाळिंब आणा, डाळिंबाने रक्त वाढतं. मी तर मार्केटचा माणूस. रोज दोन निवडून आणायचो, आमची मंडळी सोलायची, सून बिचारी खायची. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, 8.6. मला राग आला, वाटलं मशीन बिघडलंय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी सुनेला विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?"

सून माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा एवढी डाळिंबं आणतात, म्हणून गोळ्या बंद केल्या. मळमळतं त्यांनी."

मग त्यांनी मला हिशेब सांगितला. 100 ग्रॅम दाण्यांत लोह 0.3 मिलिग्रॅम. गरोदर बाईला दिवसाला लागतं 27 मिलिग्रॅमच्या आसपास. मी मनात गणित केलं. 27 मिलिग्रॅमसाठी 9 किलो दाणे. फळात दाणे निम्मे धरले तर 18 किलो डाळिंबं. क्रेट असतो 20 किलोचा. म्हणजे सुनेने रोज जवळजवळ एक क्रेट खायला हवा होता! जो क्रेट उचलायला मला दम लागायचा तो.

लाल आहे म्हणून रक्त होतं, असं आपण धरून चालतो. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा, जांभळाच्या सालीत असतात तसल्या. लोहाचा त्यात हात नाही. सुनेची गोळी बाईंनी बदलून दिली, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, जेवणावर लगेच चहा बंद केला. शिवाय अळीव, पालेभाजी, बाजरीची भाकरी. बाळंतपणापर्यंत आकडा 11 च्या वर गेला. डाळिंब तिने सोडलं नाही, आवडायचं म्हणून. तेवढं कारण पुरे आहे.

मग खायचं कशाला, असं विचाराल. 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 4 ग्रॅम चोथा असतो, तो बियांमुळे. ज्यांना सकाळी पोट साफ होण्याची तक्रार आहे त्यांनी बी थुंकू नये, चावून गिळावी. बी खाल्ल्याने मुतखडा होतो वगैरे ऐकलेलं सोडून द्या. पोटॅशियम 236 मिलिग्रॅम, थोडं क जीवनसत्त्व, थोडं फोलेट. आणि सालीत, पापुद्र्यात, रसात तुरट द्रव्यं असतात, त्यांच्यावर पुष्कळ अभ्यास झालाय. रोज रस घेणाऱ्यांचा रक्तदाबाचा वरचा आकडा थोडा उतरल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलंय. थोडा, हे लक्षात ठेवा. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रस सुरू करून गोळी बंद करणार होते, त्यांना मी जिन्यातच थांबवलं होतं.

उलट बाजूही आहे. ज्यांची किडनी नीट काम करत नाही, त्यांना पोटॅशियम जपून घ्यावं लागतं. रक्त पातळ करण्याची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल त्यांनी रोज रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं. साखर मलाही आहे. मी वाटीभर दाणे खातो, जेवणावर नाही, मधल्या वेळेला. वाटीत साधारण तीन चमचे साखर जाते, पण चोथ्याबरोबर जाते आणि खायला वेळ लागतो. स्टेशनबाहेरच्या मोठ्या ग्लासात दोन-तीन फळांचा रस असतो, चोथा गाळणीत राहिलेला, सात-आठ चमचे साखर एका दमात पोटात. वर तो साखर घालू का म्हणून विचारतो ते वेगळंच.

घरी रस काढायचाच तर मिक्सर भरधाव फिरवू नका. बी भरडली गेली की रस कडवट होतो. धुतलेल्या मलमलच्या फडक्यात दाणे बांधून हाताने पिळा. वेळ लागतो, पण तोंडात फरक कळतो. आणि लगेच प्या.

सोलण्याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मुलगा अर्धं कापून वरून पळीने बडवतो. दाणे पडतात खरे, पण भिंतीवर जे शिंतोडे उडतात ते दिवाळीच्या रंगापर्यंत राहतात. डाळिंबाच्या सालीपासून कापड रंगवतात, यावरून समजून घ्या डाग कसा असेल. माझी पद्धत अशी. फळ धुऊन घ्यायचं. वरच्या मुकुटाभोवती सुरीचं टोक तिरपं फिरवून झाकण काढायचं. आत पांढऱ्या पापुद्र्याच्या रेघा दिसतात, त्या जिथे सालीला टेकतात तिथून खालपर्यंत साल नुसती चिरायची. दाण्यापर्यंत सुरी न्यायची नाही. मग दोन्ही अंगठे मधे घालून फळ उघडायचं, पाकळ्यांसारखं सुटतं. पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवून बोटांनी दाणे सोडवायचे. दाणे तळाला जातात, पापुद्रे तरंगतात. वरचं काढून टाकलं, चाळणीत ओतलं, झालं. जुना बनियन घालून बसा म्हणजे घरातलं बोलणं वाचेल.

सालीचं काय, तर गावाकडे आमची चुलती ती वाळवून ठेवायची आणि जुलाब लागले की उगाळून ताकात द्यायची. तुरट असल्याने पोट धरत असेल. मी मात्र नातवाला जुलाब झाले तर आधी ओआरएस पाजतो आणि दवाखाना गाठतो. डाळिंबाच्या मुळाची साल कुणी जंतांवर सांगितली तर अजिबात घेऊ नका, ती विषारी पडू शकते.

खायचे प्रकार लोकांना माहीत असतात, तरी आमच्या घरातला दहीभात सांगतो. भात गार करायचा, मोकळा नाही, हाताने थोडा मोडलेला. दूध आणि दही निम्मंनिम्मं, मीठ. तुपात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, एक सुकी मिरची. फोडणी गार झाल्यावर वाटीभर दाणे. गरम भातात घातले तर ते मऊ पडून बेचव लागतात. डब्यात न्यायचा असेल तर दूध जास्त आणि दही चमचाभरच घाला, दुपारपर्यंत बरोबर लागतो. काकडीच्या कोशिंबिरीतही दाणे टाकतो, मग साखर घालावी लागत नाही.

नातू आता अडीच वर्षांचा आहे. त्याला अख्खे दाणे मुठीने देत नाही, ठसका लागतो. चमच्याने चेचून दह्यात कालवून देतो. परवा त्याने वाटी पालथी करून सगळं माझ्या पांढऱ्या पायजम्यावर ओतलं. सून म्हणाली, "मामा, भिजत टाकते." म्हटलं, राहू दे, आता हा सोलायच्या वेळचा पायजमा.