गिअर इंडिकेटर बसवताना या चुका टाळा

मोटरसायकल कुठल्या गिअरमध्ये आहे ते दाखवणारा नवा गिअर इंडिकेटर चुकीचा आकडा दाखवायला लागला की शिव्या डिस्प्लेला बसतात. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. गाडीकडून येणारा सिग्नल तो फक्त आकड्यात दाखवतो. घोळ असतो सिग्नल कुठून आणि कसा घेतला यात.

त्यामुळे पहिली चूक विकत घेतानाच होते. काही गाड्यांच्या इंजिनावर गिअरगणिक वेगळी वायर असलेला स्विच असतो; जो गिअर पडेल त्या वायरला अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) मिळतो. भरपूर वायरींचे स्वस्त 'युनिव्हर्सल' इंडिकेटर बहुधा अशाच गाड्यांसाठी असतात. काही गाड्यांत एकाच वायरवर गिअरनुसार व्होल्टेज बदलणारा सेन्सर असतो. आणि ज्या गाडीत यातलं काहीच नाही, तिला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखणारा इंडिकेटर लागतो. फक्त न्यूट्रलची वायर असलेल्या गाडीला पहिल्या प्रकारचा इंडिकेटर आणला, तर वायरी कितीही उलटसुलट करा, 'एन'च्या पुढे काही दिसणार नाही. आधी आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम पाहा. व्हिडिओतल्या वायरीच्या रंगावर जाऊ नका. मॉडेल तेच असलं तरी वर्षागणिक रंग बदलू शकतात.

पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घेणं ही दुसरी नेहमीची घाई. चावी काढली तरी डिस्प्ले थोडा करंट पीत राहतो आणि बरेच दिवस उभी राहिलेली गाडी स्टार्टर मारायला नकार देते. चावी दिल्यावरच 12 व्होल्ट येणारी वायर शोधा आणि मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थ रंगवलेल्या बोल्टवर देऊ नका.

सेन्सरची वायर शोधायला टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का बघायचा बल्ब) तर अजिबात नको. असे सेन्सर साधारण 5 व्होल्टवर चालतात; बल्ब त्या वायरीतून नको इतका करंट ओढतो आणि नुकसान ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत) पोचू शकतं. डिजिटल मल्टिमीटर लावा, एकेक गिअर टाका, व्होल्टेज लिहून घ्या.

आता न्यूट्रलची वायर. इथे चूक झाली तर प्रश्न नुसत्या आकड्याचा राहत नाही. स्विच असलेल्या बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल पडल्यावर ही वायर अर्थ होते, आणि साईड स्टँडचा कट-ऑफ (स्टँड खाली असताना गिअर पडला की इंजिन बंद करणारी सोय) व सेल्फ स्टार्ट दोन्ही तिच्याच भरवशावर असतात. तुमच्या जोडणीने ती कायमची अर्थ झाली, तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे असंच सिस्टिम धरून चालते. मग साईड स्टँड खाली असतानाही इंजिन बंद पडत नाही आणि गिअरमध्ये असलेली गाडी क्लच न दाबताच सेल्फ मारून पुढे झेपावू शकते. काम संपल्यावर पुढचा-मागचा ब्रेक दाबून कट-ऑफ तपासाच. न्यूट्रलचा दिवा विनाकारण मंद पेटत असेल, तर इंडिकेटरमधून उलटा करंट येतोय. योग्य दिशेने एक डायोड (करंट एकाच बाजूला जाऊ देणारा भाग) टाकला की थांबतो.

जॉइंट सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा, नुसती टेप पावसाळा काढत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट तांब्याच्या तारेवर लावू नका, तार गंजते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना बघा, आणि ती स्पार्क प्लगच्या केबलपासून लांब ठेवा, नाहीतर आरपीएमचा सिग्नल भरकटतो.

गुणोत्तरावर चालणाऱ्या इंडिकेटरला गिअर शिकवावे लागतात, म्हणजे प्रत्येक गिअरचं गुणोत्तर त्यात नोंदवावं लागतं. ते काम स्टँडवर मागचं चाक फिरवून उरकायला गेलात आणि वेगाचा सेन्सर पुढच्या चाकावर असला, तर त्याला वेग शून्यच दिसणार. रिकाम्या सरळ रस्त्यावर, प्रत्येक गिअरमध्ये थ्रॉटल स्थिर धरून शिकवा. पाचवा आणि सहावा एकमेकांत उड्या मारत असतील तर ते दोन पुन्हा शिकवा. पहिल्या-दुसऱ्यात मोठं अंतर असतं, वरच्या दोन गिअरच्या गुणोत्तरात ते अनेकदा 10-15 टक्केच असतं. वेग चाकावरून घेतला असेल तर स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलल्यावरही सगळं नव्याने शिकवावं लागतं.

क्लच दाबलेला असताना आकडा गायब झाला किंवा भलताच आला, तर तो बिघाड नव्हे. इंजिन आणि चाक तेव्हा जोडलेलेच नसतात. पण क्लचला हात न लावता, जोरात थ्रॉटल दिल्यावर आकडा खालच्या गिअरवर घसरत असेल, तर वायरी उकरत बसू नका. क्लच घसरत असेल, त्याच्या प्लेट्स बघा.