गुडघ्याखालची उशी आधी काढा : सांधेबदलानंतर या चुका टाळा

गुडघेबदल झालेल्या पेशंटच्या खोलीत शिरले की माझी नजर आधी जाते ती गुडघ्याखाली. तिथे उशी असतेच. कधी एक, कधी दोन, कधी घडी घातलेलं पांघरूण. कुणीतरी मायेने ठेवलेलं असतं, आणि ते काढलं की पेशंटच्या आणि घरच्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी नाराजी उमटते.

उशीने बरं वाटतं हे खरंच आहे. ऑपरेशननंतर सांध्यात सूज आणि पाणी असतं. गुडघा 25-30 अंश वाकलेला असला की आत जागा सर्वांत जास्त मिळते, ताण कमी होतो, दुखणं उतरतं. पण तासन् तास तसंच पडून राहिलं की गुडघ्यामागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच मापाला आखडतात. मग गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं तर मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही सुटी मिळत नाही. चार पावलांत पाय भरून येतो, तो पाय आखूड पडल्यासारखा होतो, चाल लंगडी होते आणि सहा महिन्यांनी कंबर दुखायला लागते.

एका काकूंची गोष्ट सांगते. ऑपरेशन उत्तम झालेलं, जखम स्वच्छ, एक्स-रे बघत राहावा असा. घरचे तर इतके हौशी की रोज गुडघा किती वाकला ते मोजायचे आणि फोटो काढून नातेवाइकांना पाठवायचे. 90 झाला, 100 झाला, 110 झाला! घरात नुसता आनंदीआनंद. माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना उताणं झोपवलं आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. गुडघा अधांतरी राहिला, खाली येईचना. सरळ व्हायला 15 अंश कमी पडत होते. चौकशी केली तर दवाखान्यात असताना कुणीतरी ‘आरामात झोपा’ म्हणून उशी दिली होती, आणि घरी आल्यावर मुलाने खास उतरती, मऊ उशी विकत आणली होती. काकू दिवसरात्र तिच्यावर.

पुढचे कित्येक आठवडे पालथं झोपून पाऊल पलंगाबाहेर लोंबकळत ठेवायचं, टाचेखाली गुंडाळी घेऊन गुडघा खाली दाबायचा, असं चाललं. काकू रडायच्या, मला शिव्या द्यायच्या, दुसऱ्या दिवशी परत यायच्या. बरंच सुटलं, पण शेवटचे थोडे अंश कायमचे राहिलेच.

वाकण्याचं वेड सगळ्यांना आहे, कारण ते दिसतं. खरं तर चालायला 65 अंश पुरतात, खुर्चीतून उठायला 90-95. शिवाय न वाकणारा गुडघा पहिल्या तीनेक महिन्यांत भूल देऊन वाकवून घेता येतो. सरळ न होणाऱ्याला तो उपाय फारसा लागू पडत नाही. म्हणून माझ्याकडे आधी सरळ, मग वाकणं. गुंडाळी टाचेखाली, गुडघ्याखाली काही नाही, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. काढलेली उशी मी रात्री सोबतीला राहणाऱ्या माणसाच्या डोक्याखाली देते. त्यालाही झोप हवी असतेच की.

दुसरी चूक जास्त वाईट, आणि ती हुशार माणसं करतात. टाके काढल्यावर जखमेतून थोडं पाणी यायला लागतं. फोन कशाला करायचा, म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिकची पाकिटं बाहेर निघतात. चार दिवस पाणी थांबतं, मग पुन्हा सुरू. बसवलेल्या नव्या सांध्याच्या धातूवर बसलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि गोळ्यांना दाद देत नाहीत. लवकर पकडलं तर सांधा उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून बऱ्याचदा वाचवता येतो. उशीर झाला तर अख्खा सांधा काढायची वेळ येऊ शकते. आणि गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू बऱ्याचदा सापडतच नाही, मग डॉक्टरांनी औषध द्यायचं कशावर? जखम ओली दिसली, लाली वाढली, ताप आला की ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. त्याच दिवशी. फोटो पाठवून ‘नॉर्मल आहे ना?’ विचारणं म्हणजे दाखवणं नव्हे.

पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर चोळू नका, मालिश तर अजिबात नको. रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करायच्या गोळ्या ‘आता चालतोय की’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणाऱ्यांना मी काय बोलते ते इथे लिहीत नाही.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

वेदनाशामक न घेता ‘सहन करतो’ म्हणणारे मला वीर वाटत नाहीत. दुखतं म्हणून ते व्यायाम टाळतात आणि गुडघा कडक करून घेतात. सांगितलेली गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. उलट ऑपरेशन लांबवत वर्षानुवर्षं रोज तीच गोळी खाणाऱ्यांनी किडनी, बीपी आणि पोट तपासून घ्यावं. ऑपरेशन ठरत आलं असेल तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन आता घेऊ नका. त्यानंतर निदान तीन महिने जाऊ द्यावे लागतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि झोपून काढलेल्या एक्स-रेवर गुडघ्याचा निवाडा करू नका. उभं राहून काढलेल्यातच खरी झीज कळते. एक्स-रे बरा आणि गुडघा तरी दुखतोय? खुबा तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे पेशंटच काय, कधीकधी आम्हीही विसरतो.

राहिले उतावळे. तिसऱ्या आठवड्यात काठी फेकणारे, व्हिडिओ बघून स्क्वॉट मारणारे, ‘माझ्या मित्राचा तर महिन्यात झाला’ असं ऐकवणारे. सूज आणि गरमपणा तीन ते सहा महिने राहतो. जखमेच्या बाहेरच्या अंगाला थोडी जागा बधिर राहते, कारण कातडीची एक बारीक नस चिरेत जातेच. चालताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो धातू आणि प्लास्टिकचा. यातल्या कशानेही घाबरू नका. संध्याकाळी गुडघा सकाळपेक्षा जास्त सुजलेला असला तर त्या दिवशी चालणं जास्त झालं, एवढाच अर्थ. पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा आणि उद्या थोडं कमी चाला. उंच ठेवताना आधार पोटरीपासून टाचेपर्यंत द्या, गुडघा सरळ राहू द्या.