घरी ओर्चाता करताना या चुका टाळा

मेक्सिकोत टाकोच्या दुकानांत काचेच्या मोठाल्या बरण्या मांडलेल्या असतात. एकीत लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, दुसरीत चिंचेचं आणि तिसरीत पांढरं ओर्चाता. वॅलेन्सियात, म्हणजे स्पेनमध्ये, ओर्चाता चुफा नावाच्या छोट्या कंदांचं करतात. मेक्सिकोत ते तांदूळ आणि दालचिनीचं झालं. तांदूळ, दूध, साखर सगळं आपल्या ओळखीचं, आणि घोटाळा तिथेच होतो. आपला हात नकळत खिरीच्या वळणावर जातो.

खिरीला तांदूळ शिजवावा लागतो, इथे तो कच्चाच राहिला पाहिजे. साधारण 70 अंश सेल्सियसच्या आसपास तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. मग गाळण्यातून उतरते ती पेज, आणि फ्रिजमध्ये गेली की तिची खळ होते. तयार ओर्चाता ‘जरा दाट व्हावं’ म्हणून गॅसवर ठेवलंत तरी हेच होणार. एक वाटी तांदूळ आणि दोन इंच दालचिनी दोन वाट्या पाण्यात आठ तास भिजवा, एवढंच. मात्र मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, सकाळी पाणी आंबूस लागतं. फ्रिजमध्येच भिजवा. वास आलाच तर साखर घालून झाकू नका, फेकून द्या.

बासमती आणि आंबेमोहोर भातासाठी ठेवा. त्यांचा सुवास दालचिनीवर कुरघोडी करतो. साधा कोलम उत्तम.

दालचिनीकडे मात्र नीट बघा, कारण चव तिचीच आहे. बाजारात बहुतेकदा मिळते ती जाड, कडक, एकाच सालीची गुंडाळी म्हणजे कॅशिया. ती तिखट लागते आणि मिक्सरमध्ये नीट वाटली जात नाही. मेक्सिकोत जी ‘कानेला’ वापरतात ती श्रीलंकेची, पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडली जाणारी. कोकणातल्या नारळाच्या बागांमध्ये याच जातीची झाडं लावतात. ओळखीच्या बागायतदाराकडे चौकशी करून पाहा, खरंच फरक पडतो. कॅशियाच असेल तर वाटू नका. भिजवताना घाला आणि वाटण्याआधी काढून टाका. आणि वेलची? मोह होतो, पण घातलीत की ते पेय ओर्चाता राहत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती कच लागण्याची. तिचं मूळ वाटण्यात आहे. सगळं पाणी एकदम घातलं की तांदूळ मिक्सरच्या पात्यांभोवती नुसता गरगर फिरतो. भिजवलेल्या पाण्यातलं थोडंसंच घेऊन आधी गंधासारखं वाटा, चिमटीत घेऊन रवा लागत नाही ना पाहा, मग उरलेलं पाणी आणि वर दोन वाट्या घाला. चहाच्या गाळणीने काम भागत नाही. ओल्या मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा, आणि एकदा पिळून झालं की कापड धुऊन पुन्हा गाळा. या दुसऱ्या वेळी अजिबात पिळू नका, आपोआप निथळू द्या. वेळ लागतो, पण कच इथेच जाते. चोथा घावनाच्या पिठात जिरतो.

साखर थंड पाण्यात विरघळायला वेळ घेते आणि तळाशी बसते. अर्धी वाटी साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गार करून घाला. गुळाने रंग आणि चव दोन्ही बदलतात. दूध ऐच्छिक आहे. घालायचं तर तापवून पूर्ण गार केलेलं एक वाटी, तेही अगदी शेवटी. दूध घातलेलं ओर्चाता दोन दिवसांत संपवा.

बर्फाने ते पातळ होतं, म्हणून पाणी आधीच थोडं कमी ठेवा. फ्रिजमध्ये वर पाणी आणि खाली पांढरा गाळ दिसला तर बिघडलं असं समजून ओतून देऊ नका. तांदळाचं सत्त्व खाली बसणारच. तळापासून ढवळा आणि प्रत्येक पेला भरण्याआधी पुन्हा ढवळा, नाहीतर पहिल्या पाहुण्याला दालचिनीचं पाणी आणि शेवटच्याला पिठूळ लगदा मिळेल.